मिस्टर कै यांची मंजुरी

सुर्वे-नाबर नेट्सचं आजवरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, असं विचाराल तर शरच्चंद्र नाबर आधी इकडेतिकडे बघतील, मग चष्मा पुसतील आणि "जाऊ द्या हो" म्हणतील. त्यांनी नाही सांगितलं तरी मुलुंड पूर्वेला सगळ्यांना ठाऊक आहे. ते गिऱ्हाईक हयात नव्हतं. खरं सांगायचं तर तो एक माणूससुद्धा नव्हता. पण ऑर्डर मात्र त्याने दिली, तीही घासाघीस न करता, आणि नाबरांना शंका यायला हवी होती ती तिथेच.

सुर्वे-नाबर नेट्स म्हणजे कबुतरांच्या जाळ्या. मुंबईत माणूस वीस वर्षांचं कर्ज काढून बाल्कनी घेतो आणि पहिल्याच आठवड्यात कबुतरं तिथे गृहप्रवेश करतात, त्यामुळे ह्या धंद्याला मरण नाही. शरच्चंद्र आणि अनंत सुर्वे ह्या दोघांनी तो तरुणपणी सुरू केला. शरच्चंद्राने माप घ्यायचं आणि अनंताने बोलायचं, अशी वाटणी होती. शरच्चंद्राचं गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे "हं" आणि खिडकीची रुंदी. अनंत मात्र जाळी बसवायला जायचा तो त्या घरी जेवूनच यायचा. आणि 'नाही' म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. नाहूरच्या एका बाईंनी जाळी ठोकता ठोकता त्याला विचारलं, "सासऱ्यांना जरा दवाखान्यात सोडाल का?" हा सोडून आला, आणि येताना त्यांची औषधंही घेऊन आला. जाळी दुसऱ्या दिवशी बसली.

दोन वर्षांपूर्वी अनंत गेला. दुपारी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि गेला. तेव्हापासून दुकानात बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं. शरच्चंद्र नाबर कोणाचाही नंबर फोनमधून पुसत नाहीत. गिऱ्हाईक वारलं की ते त्याच्या नावाआधी 'कै.' एवढंच लिहितात. कै. म्हसकर सर, कै. दिघे इन्शुरन्स, कै. पोंक्षे तिसरा मजला. उत्तराबाई, म्हणजे मिसेस नाबर, एकदा म्हणाल्या होत्या, "अहो, फोन करणार आहात का त्यांना आता?" त्यावर नाबर म्हणाले, "माणूस गेला म्हणून काय घरातून हाकलून द्यायचं?" त्या यादीत सगळ्यात वर 'कै. अनंत' होतं.

तर अशा ह्या धंद्यात दीप्ती शिरली. दीप्ती म्हणजे नाबरांची एकुलती एक. पवईच्या गारेगार ऑफिसातली भक्कम नोकरी सोडून तिने जाहीर केलं, "बाबा, मी आता आपल्याच धंद्यात येणार." नाबरांना आनंद झाला तो त्यांनी "हं" असा व्यक्त केला. बाकी जगाने मात्र मनसोक्त बोलून घेतलं. तिच्या सासरी तर "जाळ्या विकणार म्हणे" हे वाक्य चहाबरोबर खारीसारखं बुडवून खाल्लं जाऊ लागलं. दीप्तीने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं: घाटकोपरच्या 'निलांबरी' सोसायटीचं काम मिळवून दाखवते. चार विंग, प्रत्येक खिडकीला जाळी. रविवारी त्यांच्या कमिटीची मीटिंग. ते काम मिळालं तर दीप्ती जिंकली, नाही मिळालं तर खारी आहेच.

त्यासाठी तिने दोन सॉफ्टवेअरं आणली. एक 'कोटमित्र'. हे कोटेशन बनवणार, झकास, लोगोबिगो घालून. दुसरं 'संपर्क प्लस'. ह्यात सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते. दोघांना एकमेकांशी जोडून दिलं की झालं, पहिल्याने दुसऱ्याकडून नाव घ्यायचं आणि कोटेशन आपलं आपण पाठवून द्यायचं. जुनी जाळी पाच वर्षांची झाली की नव्या जाळीचं कोटेशनही आपोआप जायचं. नाबरांच्या फोनमधली सगळी नावं तिने संपर्क प्लसमध्ये ओतली, जुन्या कामांचे पत्ते बसून टाइप केले आणि जोडणीचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल अक्षरं.

"काय म्हणतायत?" उत्तराबाईंनी विचारलं.

"एकमेकांशी बोलत नाहीयेत, आई."

"नवीन नवीन असं व्हायचंच. तुझे बाबा माझ्याशी पहिले सहा महिने बोलले नव्हते."

दीप्तीने कोटमित्रच्या हेल्पलाइनला फोन लावला. ते म्हणाले, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे, संपर्क प्लसला विचारा. संपर्क प्लसवाले म्हणाले, आमच्याकडे काहीच प्रॉब्लेम नाही, कोटमित्रला विचारा. हे ऐकून नाबरांना प्रथमच ह्या सॉफ्टवेअरबद्दल आपुलकी वाटली. त्यांच्या छतातून पाणी गळत होतं तेव्हा वरच्या मजल्यावरचे आणि सोसायटीचा प्लंबर नेमकं असंच बोलत होते.

शेजारचे श्यामसुंदरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. वायर असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या वस्तूंवर त्यांचा अधिकार चालतो. ते लुंगीवरच आले, स्क्रीनकडे दुरून पाहिलं आणि म्हणाले, "अर्थिंग नीट नाहीये." मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. मग वायफायचा डबा बंद करून चालू करायला लावला. शेवटी घरचा मेन स्विच बंद करून चालू केला, त्यात उत्तराबाईंचं मिक्सरमधलं वाटण अर्धवट राहिलं आणि श्यामसुंदररावांना चहा न घेताच जावं लागलं.

बुधवारी दीप्ती मापं घ्यायला बोरिवलीला गेली. जाताना दारात चपला घालता घालता ती इतकंच म्हणाली, "बाबा, नाही जमलं ना हे, तर मी परत नोकरी शोधते." ती हसत म्हणाली, पण नाबरांनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं. ती हसत म्हणायची तेव्हाच तिला रडू येत असायचं. मग त्या माणसाने, ज्याने आयुष्यात टेपशिवाय कुठलंही यंत्र हाताळलं नव्हतं, शर्टच्या बाह्या वर केल्या आणि कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. संपर्क प्लसला फोन लावला. रुचिरा नावाची मुलगी बोलत होती.

"सर, तुम्ही आत्ता कॉम्प्युटरसमोर बसला आहात का?"

"मग काय न्हाणीघरात बसलोय?" एरवी न बोलणारा माणूस चिडला की वाक्यं भराभर सुचतात.

रुचिरा बिचारी गोड होती. तिने शोधून सांगितलं, "सर, तुमच्याकडे एकाच पहिल्या नावाच्या तीसेक नोंदी आहेत. सिस्टिमला कळत नाहीये की ह्यातलं खरं कोण. स्क्रीनवर प्रश्न येईल, हे सगळे एकच आहेत का. असतील तर होय दाबा."

प्रश्न आला. इंग्रजीत होता आणि अक्षरं मुंगीएवढी. नाबरांना एवढंच समजलं, की 'कै.'वाले सगळे एकच समजायचे का, असं यंत्र विचारतंय. त्यांनी क्षणभर विचार केला. शेवटी सगळे एकाच ठिकाणी विलीन होतात, हे त्यांनी कीर्तनात कैकदा ऐकलं होतं. यंत्रालाही ते मान्य असेल तर आपण कोण अडवणारे? त्यांनी होय दाबलं.

आणि लाल अक्षरं गेली! हिरवी बरोबरची खूण आली. दोन्ही सॉफ्टवेअरं एकमेकांशी अशी बोलायला लागली, की जणू माहेरवाशिणी भेटल्यात. नाबरांनी उत्तराबाईंना हाक मारली, उत्तराबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि दीप्ती बोरिवलीहून आली ती दारातच "बाबा, तुम्ही?" म्हणून त्यांच्या गळ्यात पडली. नाबर "हं" म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली.

लगेच ऑर्डरींचा पाऊस सुरू झाला. म्हणजे जुन्या जाळ्यांची जी कोटेशनं आपोआप गेली होती, ती धडाधड मंजूर होऊन यायला लागली. गंमत म्हणजे सगळी एकाच माणसाकडून. ॲपमध्ये नाव इंग्रजीत उमटलं होतं: मिस्टर कै.

"बाबा, हे मिस्टर कै कोण?" दीप्तीने विचारलं. "मुलुंड, भांडुप, नाहूर, सगळीकडे फ्लॅट आहेत ह्यांचे."

"कोणी पारशी असेल," नाबर म्हणाले. "अनंताच्या ओळखीचा असेल."

श्यामसुंदररावांनी मान डोलावली. "इन्व्हेस्टर. असे लोक असतात. फ्लॅट घेतात आणि भाड्याने देतात. पण मनुष्य सज्जन दिसतो, भाडेकरूंच्या जाळ्या बदलतोय." दीप्ती खूश. तिने निलांबरीचं कोटेशन पाठवलं, त्यात कोटमित्रने शेवटी आपणहून एक चौकट छापली: 'आमचे सर्वांत मोठे ग्राहक, मिस्टर कै', आणि खाली फोन नंबर.

शनिवारी बाळा कामावर गेला. बाळा म्हणजे त्यांचा जाळी बसवणारा, वर्षानुवर्षांचा, दोरावर लटकून गाणं म्हणणारा. दुपारी त्याचा फोन आला.

"काका, हयसर जरा लोचा झालाय."

"काय झालं?"

"म्हसकरांकडे जाळी बसवली. आजी रडतायत. म्हणतायत, हे जाण्याआधी सांगून गेले होते वाटतं. मी म्हटलं, आजी, कै साहेबांनी सांगितलंय. तर अजूनच रडायला लागल्या. आता पोहे देतायत. खाऊ काय?"

नाबरांच्या हातातला कप थांबला. म्हसकर. कै. म्हसकर सर. त्यांनी फोन ठेवला, कॉम्प्युटरसमोर गेले, भिंग घेतलं आणि मिस्टर कै यांच्या नावाखालचे पत्ते वाचू लागले. दिघे. पोंक्षे. म्हसकर. मुलुंडमधली त्यांच्या ओळखीची सगळी गेलेली माणसं तिथे एकाच शेठच्या नावावर गुण्यागोविंदाने नांदत होती.

वाट लागली होती. एका घरात नवीन जोडपं राहायला आलेलं, त्यांना वाटलं कसली तरी स्कीम आहे, त्यांनी बाथरूमच्या खिडकीलाही जाळी मागितली. दिघ्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तुम्हाला लाज नाही वाटत?" दीप्तीला घेऊन ते स्वतः म्हसकर आजींकडे जाळी काढायला गेले, तर आजींनी दार अडवलं. "काढायची नाही. सर वर्षभर म्हणत होते, शरदला बोलवून जाळी बदलून घेऊ. बदलली एकदाची." पैसे नाबरांनी घेतले नाहीत. दीप्ती छताकडे बघत उभी राहिली.

पण खरा धक्का त्यांना घरी आल्यावर बसला. मेलेल्यांच्या नावाने कोटेशनं गेली, ठीक. मंजूर कोणी केली? दीप्तीने मिस्टर कै यांचा नंबर उघडला. सगळ्यांत वरची नोंद तीच खरी मानून यंत्राने तोच नंबर ठेवला होता. नाबरांना तो वाचावा लागला नाही.

"हा अनंतचा नंबर आहे," ते म्हणाले.

तो फोन अनंतच्या बायकोकडे होता, रुक्मिणीवहिनींकडे, घाटकोपरला. म्हणजे वहिनींनी बसल्या जागी तीस जाळ्या मंजूर केल्या होत्या. का केल्या असतील? नाबरांनी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. अनंत गेल्यापासून ते दर दिवाळीला जायचे, फराळाचा डबा द्यायचे आणि "येतो" म्हणून उठायचे. वहिनींशी काय बोलायचं ते त्यांना कधी सुचलंच नव्हतं. बोलण्याचं खातं अनंताकडे होतं.

रविवारी निलांबरीच्या ऑफिसात कमिटी जमली, समोर दीप्ती आणि नाबर. सेक्रेटरी हर्षदभाई घाटकोपरमध्येच जन्मले, वाढले आणि संशयी झाले. त्यांनी कोटेशन पालथं घातलं, उताणं केलं आणि शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हे मिस्टर कै. मोठी पार्टी आहे. आपण ह्यांनाच विचारू."

"अहो, रविवारी कशाला त्यांना त्रास..." दीप्ती म्हणाली. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. नाबरांनी तिचा हात धरला. पण हर्षदभाईंनी नंबर दाबलासुद्धा, आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. पलीकडे लगेच उचलला गेला.

"मिस्टर कै आहेत का?"

कसलंसं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग बाईचा आवाज आला. "ते नाय हत आता. दोन वर्सां झाली."

"अरे! सॉरी, सॉरी. आपण कोण?"

"मी त्यांची बायको. रुक्मिणी सुर्वे."

कमिटीने एकदम कोटेशनवरचं नाव बघितलं. सुर्वे-नाबर नेट्स. हर्षदभाईंचे डोळे बारीक झाले. "पण बेन, ह्याच आठवड्यात ह्या नंबरवरून एवढ्या ऑर्डरी मंजूर झाल्या. त्या कोणी केल्या?"

"मी केलंय." आवाजात लपवाछपवी नव्हती. "दोन वर्सां ह्यो फोन मी चार्ज करून ठेवतंय. कोणाचो येना नाय. आनि बुधवारी जो वाजाक लागलो, तो थांबाचा नाव घेय ना! बघतंय तर सगळी ह्यांची मानसां. म्हसकर सर, दिघे, पोंक्षे. खाली बटन होता, हो की नाय. ह्यांनी उभ्या जन्मात कोणाक नाय म्हटल्यानी काय? मगे मी कशी म्हणू? हो म्हणान दाबलंय."

कमिटीतल्या एक बाई चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. नाबर खाली बघत होते.

हर्षदभाईंनी घसा खाकरला. काही झालं तरी ते सेक्रेटरी होते. "ते ठीक आहे, बेन. पण जाळी कशी आहे, ते बोला."

"जाळी? पयली जाळी दोगांनी माज्याच खिडकीक मारली. अजून तशीच हा. वर देवनारच्या कचऱ्यावरल्या घारी फिरतत, पन आत चिटपाखरू येना नाय. आनि जाळयेत कबुतराचो पाय अडाकलो असो कोणाचो फोन इलो, तर दोगव जेवतया ताटावरसून उठान सोडवूक जायत. हे बोलत रवत आनि शरदभावोजी पाय सोडवत. भावोजी बोलनत नाय, पन त्यांचा माप कधी चुकना नाय."

नाबर पुढे वाकले. आयुष्यात प्रथमच ते भर सभेत न विचारता बोलले. "वहिनी. मी शरद."

"भावोजी? तुमी थंय आसात?"

"हो."

"मगे बोला की कायतरी!"

सगळी कमिटी त्यांच्याकडे बघत होती. दीप्तीही बघत होती. नाबरांनी खूप शोधलं आणि त्यांना एकच वाक्य सापडलं. "जेवलात का, वहिनी?"

"जेवतंय आता," रुक्मिणीवहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "किती दिसांनी इचारल्यात."

फोन बंद झाल्यावर हर्षदभाईंनी पेन उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "मेलेल्या माणसाचा रेफरन्स देणारी पार्टी मी पहिल्यांदा बघतोय." दीप्तीने डोळे मिटून घेतले. "पण एक सांगा. उद्या आमच्या जाळीला काही झालं आणि फोन केला, तर कोण उचलणार? ते 'एक दाबा, दोन दाबा'वालं मशीन?"

"नाही," दीप्ती म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "रुक्मिणीकाकू उचलतील. ह्याच नंबरवर."

"त्या उचलणार असतील तर घ्या ऑर्डर," हर्षदभाई म्हणाले, आणि लगेच, "पण रेट कमी करा." तिथे मात्र नाबर "नाही" म्हणाले.

त्या संध्याकाळी दीप्ती आणि नाबर घाटकोपरला वहिनींकडे गेले आणि दोघं जेवूनच आले. दुसऱ्या दिवशी दीप्तीने मिस्टर कै यांना सोडवून पुन्हा तीस माणसं वेगळी केली. एकही पुसलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव राहावं, पण त्याला कोटेशन जाऊ नये, अशी सोय द्या, असं तिने रुचिराला लिहिलं. रुचिराचं उत्तर आलं, की अशी मागणी पहिल्यांदाच आली आहे, पण आमच्या मॅनेजरच्या आईंनाही ती आवडली. दिघ्यांच्या मुलाकडे नाबर स्वतः जाऊन आले. सासरी चहाबरोबर आता नुसती खारी खातात.

महिना गेला असेल. सकाळी नाबर पेपर वाचत होते आणि टेबलावरचा फोन वाजला. उत्तराबाई भाजीचं ताट घेऊन चालल्या होत्या, त्यांनी जाता जाता स्क्रीनकडे बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, अनंतभावजींचा फोन आलाय. घ्या ना."

नाबरांनी तो दोन क्षण तसाच वाजू दिला. मग कानाला लावला आणि आयुष्यभराच्या सवयीने म्हणाले, "बोल रे."

"भावोजी, मी रुक्मिणी," पलीकडून आवाज आला. "नाहूरची एक बाय इचारता, जाळी मारूक येतल्यात तेव्हा सासूक जरा दवाखान्यात सोडशात काय? मी हो म्हटलंय."

नाबर उठले आणि चपला शोधायला लागले.